सुरुंगाच्या होलमधले पाणी कोण मोजतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वणी परिसरातल्या एका खुल्या कोळसा खाणीतील ब्लास्टिंगविषयी आपल्या दैनिकात नुकतीच बातमी आली. पाऊस लागल्यापासून हादरे वाढले आहेत, ब्लास्टनंतर नारिंगी धुराचा लोट गावाकडे येतो आणि घरांच्या भिंतींना चिरा पडत आहेत, अशी गावकऱ्यांची तक्रार तीत होती. आणि पावसाळ्यात मागे पडलेले उत्पादन भरून काढण्यासाठी खाणीने सुरुंगाची दारू वाढवली असावी, असा तर्क बातमीदाराने केला होता. तक्रार खरी आहे असे धरूनच मी हे पत्र लिहीत आहे. तर्क मात्र मला अपुरा वाटतो. वर्धा खोऱ्यातल्या खुल्या खाणींत ब्लास्टिंगच्या कामावर माझी तीसेक वर्षे गेली, आणि नारिंगी धूर, न फुटलेले मोठाले दगड व वाढलेला हादरा ही तिन्ही लक्षणे एकाच ब्लास्टमध्ये दिसली की माझे लक्ष आधी दारूच्या वजनाकडे जात नाही, दारू भरायला खडकात पाडलेल्या होलमधल्या पाण्याकडे जाते.

आपल्या भागात हे पाणी येते कुठून, ते आधी सांगतो. वर काळी माती, तिच्याखाली कामठी वालुकाश्म आणि त्याखाली कोळशाचे थर असलेले बराकर खडक, अशी चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या पुष्कळ खाणींची रचना आहे. कामठी वालुकाश्म सच्छिद्र आहे आणि पाणी धरून ठेवतो. आपल्या कित्येक विहिरी आणि बोअर त्याच्याच जिवावर चालतात. खाण जसजशी खोल जाते तसतशी तिची बेंच, म्हणजे खोदकामाची पायरी, भूजलाच्या पातळीखाली उतरते, आणि मग भर मे महिन्यातही दहा मीटरच्या होलमध्ये दोन-तीन मीटर पाणी उभे असते. मृगाचा पाऊस झाला की त्यात वरून भर पडते. एक हेक्टरच्या बेंचवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी पाच लाख लिटर होते. चर आणि सम्पची, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्याची, व्यवस्था ढिली असेल तर त्यातले बरेचसे आयत्या पाडून ठेवलेल्या होलमध्येच उतरते.

शिवाय एकाच ब्लास्टमधले सगळे होल सारखे ओले नसतात. मोकळ्या बाजूलगतच्या पहिल्या रांगेतले पाणी मागच्या ब्लास्टने पाडलेल्या भेगांतून झिरपून जाते, म्हणून ती रांग बहुधा कोरडी सापडते. मागच्या रांगांत मात्र कुठे दीड मीटर, कुठे चार मीटर, तर कुठे काठोकाठ पाणी असते. ऑफिसात बसून ‘साइट ओली आहे’ एवढेच लिहिले तर त्यातून कामाचे काहीच कळत नाही. पाणी होलागणिक मोजावे लागते, आणि त्यासाठी कसलेही भारी यंत्र लागत नाही. टोकाला वजन बांधलेला टेप आणि खिशात मावेल एवढा आरसा पुरतो. ऊन असेल तर आरशाने त्याची तिरीप होलमध्ये सोडायची. तळाचे पाणी चांदीच्या रुपयासारखे चमकते, होलच्या भिंतीतून कुठे पाझर सुरू आहे का, मध्येच माती ढासळून तोंड अरुंद झाले आहे का, हेही दिसते. मग टेप सोडायचा. वजन पाण्याला टेकले की ‘डुब्‌’ असा आवाज येतो, तो पहिला आकडा. तळाला टेकल्यावर टेप सैल पडतो, तो दुसरा. तळाशी गाळ असेल तर वजन टणकन न टेकता रुतते, आणि ते हाताला कळते. एका होलला मिनिटभरही लागत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत आहे असे कुणी समजू नये, कारण मी ते ठेच लागून शिकलो. नव्वदच्या दशकातली, श्रावणातली गोष्ट आहे. खाणीचे नाव सांगण्याची गरज नाही. चाळीसेक होल पाडून तयार होते, दुपारी ते उपसले आणि त्यात आम्ही ॲन्फो नावाची दारू भरली. भरताना सगळे कोरडे होते. संध्याकाळी विजा चमकू लागल्याने ब्लास्ट पुढे ढकलला, रात्री पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तो उडवला. पुढच्या होलांनी आपले काम चोख केले. मागच्या दोन रांगांतून मात्र दगड उचललाच गेला नाही. जमीन नुसती फुगल्यासारखी झाली, तोंडातून चिखलाचे फवारे उडाले आणि विटकरी-नारिंगी धूर बराच वेळ खड्ड्यात कोंडून राहिला. नंतर आठवडाभर शॉव्हेलवाला आमच्या नावाने खडे फोडत होता, कारण बकेट तळाशी टेकली की दात घासल्याचा आवाज येई आणि मशीन जागच्या जागी थरथरे. तो जो तळचा न फुटलेला टणक उंचवटा राहतो त्याला आम्ही ‘टो’ म्हणतो. तो काढण्यासाठी पुन्हा लहान होल पाडून, दुसऱ्यांदा दारू भरून दुय्यम ब्लास्टिंग करावे लागले. हिशेब मांडला तेव्हा पहिल्या दिवशी वाचवलेला वेळ कितीतरी पट व्याजासह परत गेला होता.

त्या होलमध्ये काय घडले असेल, ते साध्या गणिताने समजते. ॲन्फो म्हणजे सुमारे ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल. स्वस्त आणि बिनतक्रार काम करणारी दारू आहे, पण पाण्यापुढे तिचे काही चालत नाही. १६० मिलिमीटर व्यासाच्या होलमध्ये दर मीटरला सुमारे २० लिटर पाणी मावते. म्हणजे चार मीटर पाणी असेल तर ८० लिटर. साधारण २० अंश तापमानाला एक लिटर पाणी जवळजवळ १.९ किलो अमोनियम नायट्रेट विरघळवू शकते. म्हणजे ८० लिटर पाण्याची भूक दीडशे किलोची झाली. त्याच होलमध्ये साडेसहा मीटर ॲन्फो भरले तर ते जेमतेम १०४ किलो भरते. अर्थात सगळे एका रात्रीत विरघळत नाही, पण पूर्ण विरघळण्याची वाट पाहावीही लागत नाही: ॲन्फोमध्ये पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले की स्फोट त्यातून पुढे सरकणेच थांबते. वरचा भाग उडतो, खालचा नुसता जळतो किंवा तसाच राहतो. आणि खालच्या भागावरच तर टो फोडण्याची जबाबदारी असते.

यावर उपाय निघाला त्यालाही आता सत्तर वर्षे होत आली. १९५६ च्या सुमारास मेल्विन कुक यांनी पाण्यात टिकणारे, लगद्यासारखे स्लरी स्फोटक तयार केले, तेही कॅनडातल्या लोहखाणीतील ओल्या होलचा प्रश्न समोर असतानाच. पुढे इमल्शन आले. त्यात नायट्रेटच्या द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब तेलाच्या पातळ आवरणात बंदिस्त असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी सहजी आत शिरत नाही. आज आपल्याकडच्या मोठ्या खाणींत टँकरमधून येणारे आणि होलमध्ये उतरल्यावर बारीक वायुबुडबुडे धरून फुगणारे इमल्शनच प्रामुख्याने वापरतात, आणि पाण्याचा विषय निघाला की ‘आम्ही इमल्शन वापरतो, ते वॉटरप्रूफ आहे’ असे उत्तर मिळते. खरी गफलत इथेच होते. इमल्शन पाण्यात टिकते, पण ते पाण्यात कसे सोडले यावर सारे अवलंबून असते.

पाइप होलच्या तळापर्यंत सोडून, तोंड इमल्शनच्या लगद्यात बुडालेले ठेवून, लगदा चढेल तसतसा पाइप वर ओढत नेला तर पाणी सरळ वर ढकलले जाते आणि खाली सलग खांब तयार होतो. परंतु पाऊस अंगावर आहे, टँकरला दुसऱ्या बेंचवर जायचे आहे, आणि पाइप खाली-वर करायला माणूस कमी आहे, अशा वेळी पाइप होलच्या तोंडाशी धरून वरूनच धार सोडली जाते. ती चार मीटर पाण्यातून पडताना तिचे गोळे होतात, गोळ्यांच्या मधे पाणी आणि ड्रिलचा चिखल अडकतो, आणि वरून पाहणाऱ्याला होल भरल्यासारखे दिसत असले तरी आत मात्र थरावर थर चढलेले असतात, दारू, पाणी, चिखल, पुन्हा दारू. बूस्टर, म्हणजे दारूच्या खांबाला बत्ती देणारा छोटा स्फोटक, जर तळच्या गाळात रुतून बसला असेल तर खांबाला बत्ती नीट लागेलच याचीही खात्री नाही. काडतुसांचा वापर होतो तिथे आणखी एक खोड असते: घनता पाण्याहून फारशी जास्त नसलेले काडतूस नीट बुडत नाही, मधेच अडकते, आणि त्याच्या वरची सगळी काडतुसे खालच्यांपासून तुटतात.

ही चूक भरतानाच पकडता येते, आणि तीही त्याच टेपने. इमल्शनची घनता १.१५ धरली तर १६० मिलिमीटरच्या होलमध्ये मीटरला सुमारे २३ किलो बसते. म्हणजे दहा मीटरच्या होलमध्ये दीडशे किलो सोडले की खांब साडेसहा मीटर चढायला हवा आणि वरून साडेतीन मीटरवर टेप टेकायला हवा. तो पावणेतीन मीटरवरच टेकला, तर मधे पाऊण मीटर पाणी किंवा चिखल अडकला आहे. उलट तो पाच मीटरवर टेकला तर दारू कुठल्यातरी भेगेत चालली आहे, आणि तिथे आणखी ओतत राहणे म्हणजे दगड उडण्याला आमंत्रण. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे कोष्टक हेल्मेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला लावत असे.

वर ढकललेल्या पाण्याचेही काहीतरी होतेच. साडेसहा मीटर दारू आणि तिच्यावर चार मीटर पाणी म्हणजे साडेदहा मीटर. होल दहा मीटरचा. उरलेले दहाएक लिटर बेंचवर सांडते आणि उताराने शेजारच्या होलमध्ये जाते. होलचा वरचा, स्टेमिंगचा म्हणजे दारूवर टाकायच्या भरावाचा भाग तर पूर्ण पाण्यात. आता स्टेमिंगचे काम असते स्फोटाच्या वायूला काही क्षण आत कोंडून धरण्याचे, कारण दगडाला आधी धक्क्याने भेगा पडतात आणि नंतर त्या भेगांत शिरलेला वायूच त्यांना रुंद करून दगड पुढे लोटतो. ओल्या होलमध्ये ड्रिलचा बारीक भुगा टाकला की त्याचा खिरीसारखा पातळ गाळ होतो. तो काही धरून ठेवत नाही. तोफेच्या नळीतून निघावा तसा वर उडतो, आणि त्याच्याबरोबर दगड फोडायला हवी ती शक्ती हवेत जाते. तिथे दहा ते पंधरा मिलिमीटरची टोकदार गिट्टीच घालायला हवी. ती पाण्यातून खाली बसते आणि दाब आला की एकमेकींत घट्ट रुतते. गिट्टीला खर्च येतो आणि भुगा होलच्या तोंडाशी फुकट पडलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी भुगाच जातो.

पाणी प्रत्येक वेळी नुकसानच करते असे म्हणणेही चुकीचे होईल. काडतूस होलपेक्षा बारीक असेल तर त्याच्याभोवतीच्या हवेत धक्क्याचा बराच जोर मरतो. तिथे पाणी असेल तर ते जवळजवळ दबत नसल्याने धक्का भिंतीपर्यंत जोरात पोहोचतो. म्हणून चांगली भरलेली, सलग दारूची ओली होल कधीकधी कोरड्या होलपेक्षा लगतचा दगड अधिक बारीक करते. भिजलेला वालुकाश्म कोरड्यापेक्षा कमजोरही असतो. पण हाच गुण दुसऱ्या बाजूने अंगाशी येतो. पाण्याने भरलेल्या भेगांतून धक्का शेजारच्या होलमध्येही जातो, आणि तिथली दारू आपली पाळी येण्याआधीच दाबली जाऊन, तिच्यातले बुडबुडे चिरडून निकामी होऊ शकते. हे सारे कोरड्या होलच्या डिझाइनमध्ये गृहीत धरलेले नसते, आणि आपल्याकडे बारमाही एकच डिझाइन चालवण्याची सवय आहे. फार तर ‘ओले आहे, दहा किलो जास्त टाका’ एवढाच बदल होतो. या अर्थाने बातमीदाराचा तर्क अगदीच निराधार नाही. दारू वाढतही असेल, पण ती पाण्याने खाल्लेल्या शक्तीची भरपाई म्हणून वाढते, आणि भरपाई होत नाही.

गावाला बसणारा हादरा यातूनच येतो. मागच्या रांगेतला दगड पुढे सरकला नाही की त्याच्यामागच्या होलला मोकळी बाजू उरत नाही, आणि जी शक्ती दगड फोडण्यात खर्ची पडायची ती जमिनीतून पसरते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे खाणीच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी कंपनाची मर्यादा वारंवारतेनुसार (सेकंदाला किती कंपने, ते हर्ट्झमध्ये मोजतात) सेकंदाला ५, १० आणि १५ मिलिमीटर अशी आहे. वारंवारता ८ हर्ट्‌झच्या खाली असेल तर ५, आणि २५ च्या वर असेल तर १५. म्हणून नुसता ‘कंपन मर्यादेत होते’ हा खुलासा अर्धा आहे. कोणत्या वारंवारतेला किती, हे दोन्ही आकडे गावकऱ्यांनी मागायला हवेत.

धुराबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. नारिंगी रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो आणि दारू पूर्ण उडाली नाही याची ती खूण आहे. पाण्याने बिघडलेली दारू हे त्याचे एक मुख्य कारण. ऑस्ट्रेलियात प्रत्येक ब्लास्टच्या धुराला रंगावरून ० ते ५ अशी श्रेणी देऊन नोंद ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ब्लास्टच्या वेळी ५०० मीटरच्या आतली माणसे हलवतात, पण वारा ५०० मीटरची रेघ पाहत नाही. हा वायू हुंगल्यावर लगेच फारसे काही वाटले नाही तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन त्रास होऊ शकतो. तेव्हा अशा धुरात सापडलेल्या माणसाला संध्याकाळी खोकला किंवा धाप लागली तर ती धूळ आहे म्हणून सोडून देऊ नये, दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना धुराविषयी सांगावे.

न उडालेल्या दारूचे नायट्रेट शेवटी सम्पमध्ये आणि तिथून पंपाने नाल्यात जाते, हा मुद्दा बातमीत अजिबात नव्हता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एक किलो अमोनियम नायट्रेटमध्ये सुमारे ७७५ ग्रॅम नायट्रेट असते. ते या मर्यादेपर्यंत पातळ करायला सतरा हजार लिटरहून अधिक पाणी लागेल. शेतातल्या खताचे नायट्रेटही नाल्यात येते, त्यामुळे सगळा दोष खाणीच्या माथी मारता येणार नाही, परंतु सम्पच्या पाण्याची नायट्रेटसाठी वेगळी तपासणी झाली तर कुणाचा वाटा किती ते कळेल.

खाणीला हे परवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. मोठे दगड ब्रेकरने फोडायचे, शॉव्हेलचे दात बदलायचे, खडबडीत तळावर डंपरचे टायर फाडून घ्यायचे, हा सगळा खर्च खाणीचाच. पण तो वेगवेगळ्या खात्यांच्या वहीत पडतो. ड्रिलिंगचे बिल मीटरवर निघते, दारूचे किलोवर, आणि टायरचे वर्कशॉपमध्ये. ओल्या होलचे बिल कुणाच्याच नावावर निघत नाही. म्हणून ज्याने पाइप तळापर्यंत सोडायचा त्याला घाई परवडते.

माझी मागणी मोठी नाही. ब्लास्टच्या नोंदीत प्रत्येक होलपुढे चार आकडे यावेत: भरण्यापूर्वीचे पाणी, तळचा गाळ, भरलेले किलो आणि भरल्यानंतर टेपने मोजलेली खोली. पावसाळ्यात होल पाडल्यावर तोंडावर झाकण किंवा भरलेली गोणी ठेवावी, भोवती भुग्याचा बांध घालावा, आणि भरलेले होल शक्यतो त्याच दिवशी उडवावेत. ॲन्फो वापरायचेच असेल तर होल उपसल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा टेप टाकावा. पाणी परत चढले असेल तर तिथे ॲन्फोचा हट्ट धरू नये. आणि नारिंगी धुराचा ब्लास्ट झाला की त्या नोंदीचे पान ग्रामपंचायतीला पाहायला मिळावे.

आपला बातमीदार पुढच्या वेळी खाणीत गेला तर ‘किती किलो दारू भरली?’ हा प्रश्न त्याने जरूर विचारावा. पण त्याआधी मागच्या रांगेतल्या होलमध्ये किती पाणी होते, ते विचारावे आणि आकडा कुठल्या पानावर लिहिला आहे तेही पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ब्लास्टिंग अधिकारी
वणी, जि. यवतमाळ